सेल बदलून द्या, बस्स

गडचिरोलीकडून येणारं गिऱ्हाईक बहुतेक वेळा निदान करूनच दुकानात शिरतं. "सर, याची तारीख रोजच मागं पडून राहिली. सेल गेला असंल. तेवढा बदलून द्या, बस्स." पिशवीतून लॅपटॉप निघतो, ॲडॉप्टर निघतो, आणि परतीच्या एसटीची वेळही लगेच कानावर पडते. भामरागड किंवा सिरोंचाहून चंद्रपूरला येणं म्हणजे अख्खा दिवस मोडतो, कधी मुक्काम पडतो. त्यामुळे त्याची घाई मला कळते. तरीही स्क्रू-ड्रायव्हर उचलायच्या आधी मी त्याला बसवतो, पाणी देतो आणि विचारतो, "मागं पडते म्हणजे नेमकी किती मागं? आणि बंद केल्यावर किती वेळानं?"

बऱ्याच जणांना हा वेळकाढूपणा वाटतो. माझ्या मते निम्मं काम या प्रश्नातच होतं. कुणी सांगतं की दरवेळी तीच एक जुनी तारीख येते, एक जानेवारी आणि कुठलंतरी साल. म्हणजे घड्याळाची वीज पूर्ण तुटली आणि बोर्डानं आपली मूळची तारीख लावून घेतली. कुणी सांगतं, तारीख ठीक असते पण सकाळी वेळ तीन-चार तास मागे असते. म्हणजे घड्याळ मेलेलं नाही. रात्रीत व्होल्टेज इतकं खाली गेलं की ते काही तास थांबलं आणि नंतर पुन्हा चालू लागलं. कुणाची वेळ बरोबर साडेपाच तासांनी चुकते. असा लॅपटॉप मी उघडतसुद्धा नाही. त्याच्यात कुणीतरी विंडोजच्या शेजारी उबंटू टाकलेलं असतं. लिनक्स बोर्डावरच्या घड्याळात जागतिक वेळ लिहितं, विंडोज तीच वेळ भारताची समजून वाचतं, आणि भारताची वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. लिनक्सला एक आज्ञा दिली की भांडण मिटतं. त्यासाठी सेल बदलून पैसे घेणारे कारागीर आहेत, हे मला माहीत आहे.

चौथं उत्तर क्वचित येतं आणि तेच सगळ्यात अवघड: "तारीख तं बरोबर राहते जी, पण सेटिंग उडते." त्याकडे मी नंतर येतो.

लॅपटॉप बंद असला तरी बोर्डावरचं एक छोटं घड्याळ चालूच असतं. तिथे सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरणारा क्वार्ट्‌झचा स्फटिक असतो. मनगटी घड्याळातही हाच आकडा. ३२,७६८ म्हणजे २ चा पंधरावा घात. त्याला पंधरा वेळा निम्मं केलं की सेकंदाला नेमका एक ठोका उरतो, म्हणून हा आकडा निवडला गेला. आमच्याकडे मे महिन्यात गिऱ्हाइकाचा एक लाडका सिद्धांत असतो: "सर, उन्हानं घड्याळ मागं पडत असंल." चंद्रपूरचा पारा ४५ च्या वर गेला की माणसं सगळ्याचा दोष उन्हाला देतात. गंमत म्हणजे यात तथ्य आहे. हा स्फटिक २५ अंशांच्या आसपास सगळ्यात नेमका चालतो. तापमान तिथून वर किंवा खाली सरकलं की मंदावतो. ४५ अंशांना तो दिवसाला सुमारे एक सेकंद मागे पडतो. अख्खा उन्हाळा धरला तरी हिशेब मिनिटा-दीड मिनिटाचा. तास आणि वर्षं उन्हानं जात नाहीत.

मग जातात कशानं? त्यासाठी या घड्याळाला वीज कोण देतं ते पाहावं लागतं. ॲडॉप्टर लावलेला असेल तर बोर्डाची कायम चालू असणारी ३.३ व्होल्टची लाइन. ॲडॉप्टर काढला तर बहुतेक लॅपटॉपमध्ये मोठी बॅटरी तीच लाइन जिवंत ठेवते. दोन्ही नसतील तेव्हाच नाण्याएवढ्या सेलची पाळी येते. या दोन वाटा एका तीन पायांच्या डायोडमध्ये येऊन मिळतात. बऱ्याच बोर्डांवर त्याचा नंबर बीएटी५४सी असतो. ज्या बाजूला व्होल्टेज जास्त, त्या बाजूची वीज पुढे जाते, आणि एका बाजूची दुसरीत उलटी शिरत नाही. म्हणजे हा सेल राखीव आहे. तो लवकर संपत असेल तर त्याला नेहमीपेक्षा जास्त काम का पडतंय, हे आधी शोधायला हवं.

सेलवर सीआर२०३२ लिहिलेलं असतं. २० म्हणजे २० मिलिमीटर व्यास, ३२ म्हणजे ३.२ मिलिमीटर जाडी. दाब ३ व्होल्ट, साठा साधारण २२५ मिलिॲम्पिअर-तास. घड्याळ समजा ५ मायक्रोॲम्पिअर खातं. भागाकार केला तर ४५,००० तास येतात, म्हणजे पाच वर्षांहून थोडे जास्त, तेही लॅपटॉपला दुसरी कुठलीच वीज मिळाली नाही असं धरून. मोठी बॅटरी चांगली असेल तर हा सेल लॅपटॉपपेक्षाही जास्त जगतो. म्हणून एखादा माणूस सांगतो की गेल्या दिवाळीला बदलला होता आणि पुन्हा गेला, तेव्हा मी नवीन सेलच्या पाकिटाला हात लावत नाही. हिशेबात नसलेला खर्च कुठेतरी चालू आहे.

याचं एक उदाहरण. धानोरा तालुक्यात मेंढा-लेखाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला. पेसा आणि वनहक्क कायद्यानंतर त्या भागातल्या बऱ्याच ग्रामसभा तेंदूपत्त्याचा व्यवहार स्वतः सांभाळतात. अशाच एका ग्रामसभेचा हिशेब ठेवणारा तरुण माझ्याकडे आला. पोरगा हुशार, बोलायला मोजका. त्याचा लॅपटॉप रोज जुनी तारीख दाखवायचा आणि सेल आधी दोनदा बदलून झाला होता. ऐकायला किरकोळ वाटतं, पण तेंदूच्या हंगामात परिणाम बघा. कुणी किती पुडकी आणली, शेकड्यामागे किती मजुरी झाली, याच्या नोंदी त्या-त्या तारखेला पडायला हव्यात. त्या भलत्याच सालात पडत होत्या. त्याहून वाईट म्हणजे फाइलींच्या तारखा बिघडल्या. आज केलेली फाइल यंत्राच्या दृष्टीनं सगळ्यात जुनी. पेनड्राइव्हवर प्रत ठेवताना 'नवीन असेल ती राहू द्या' असं निवडलं की कालची चुकीची फाइल टिकते आणि आजची दुरुस्त केलेली पुसली जाते. इंटरनेटवर तर काहीच उघडेना. वेबसाइटच्या सुरक्षा-प्रमाणपत्राला सुरुवातीची आणि शेवटची तारीख असते. लॅपटॉप काही वर्षं मागे असेल तर त्याच्या लेखी ते प्रमाणपत्र अजून सुरूच झालेलं नाही. डिजिटल सहीच्या टोकनचं तेच. आधार पडताळणीत तर बोटाच्या ठशाबरोबर वेळही पाठवली जाते, आणि ती फार मागची किंवा पुढची असली की विनंती परत फिरते. माणूस समोर उभा आहे, बोट यंत्रावर ठेवलेलं आहे, आणि काम होत नाही. दोष नेटवर्कला जातो.

मी त्याला विचारलं, "मोठी बॅटरी कधी काढली?" तो हसला. बॅटरी फुगली होती म्हणून काढून ठेवली, नवीन महाग पडते, लॅपटॉप ॲडॉप्टरवर चालतो. आणि संध्याकाळी घरी जाताना तो कार्यालयाचं मेन स्विच बंद करायचा, कारण पावसाळ्यात वीज पडून टीव्ही जळालेले त्यानं पाहिले होते. त्याचं काहीच चुकत नव्हतं. पण संध्याकाळपासून सकाळपर्यंत, आणि रविवारी, आणि बैठकीसाठी तालुक्याला गेला की तिकडचे दोन-तीन दिवस, बोर्डाचा सगळा भार त्या सेलवर येत होता. तरीही वरच्या हिशेबानं सेल काही वर्षं टिकायला हवा होता. त्यातली उरलेली गोम सेल काढल्यावर कळली. आधीच्या कारागिरानं जुन्या सेलच्या तारा तोडून नव्या सेलवर थेट डाग मारून चिकटवल्या होत्या आणि वरून काळी टेप गुंडाळली होती. लिथियमच्या सेलवर सोल्डरिंगचं तापलेलं टोक ठेवलं की आतलं सील आणि रसायन दोन्ही बिघडतात. सेल बसवल्या दिवसापासूनच आजारी असतो. फुटूही शकतो. पत्र्याच्या पट्ट्या आधीच जोडलेला, कनेक्टरसह सेल मिळतो, तोच घ्यावा. आणि लावताना तारांच्या लाल-काळ्या रंगावर विसंबू नये. कनेक्टरची दिशा सगळ्या कंपन्यांत सारखी नसते. मीटर लावून पाहायला अर्धं मिनिट लागतं.

त्याला मी नवीन सेल लावून दिला आणि मोठ्या बॅटरीसाठी पैसे जमवायला सांगितलं. ती बॅटरी त्याला महाग वाटते, पण रात्रभर घड्याळ सांभाळण्याचं काम तिचंच आहे.

मीटरबद्दल थोडं सांगायला हवं, कारण इथं नवे कारागीर फसतात. लिथियमचा सेल शेवटपर्यंत ३ व्होल्टच्या जवळपास दाखवतो. नुसता मीटर लावून २.९ दिसले की पोरं म्हणतात, सेल चांगला आहे. भार टाकून बघा. एक किलो-ओहमचा रेझिस्टर सेलच्या दोन टोकांना क्षणभर जोडायचा आणि आकडा पाहायचा. दमदार सेल जागचा फारसा हलत नाही, थकलेला सरळ खाली बसतो. तोच रेझिस्टर दुसऱ्या कामालाही येतो. तो सेल आणि बोर्ड यांच्या मधे ठेवायचा आणि त्याच्यावरचे मिलिव्होल्ट मोजायचे. एक मिलिव्होल्ट म्हणजे एक मायक्रोॲम्पिअर. महागडं यंत्र लागत नाही. तीन ते सहा आले तर बोर्ड निरोगी. वीसच्या वर गेले की चहा मागवून निवांत बसायचं, कारण आता खरी शोधाशोध सुरू.

घुग्घूसकडच्या एका ठेकेदाराच्या लॅपटॉपवर हा आकडा सत्तरच्या आसपास होता. सत्तर मायक्रोॲम्पिअरनं २२५ चा साठा साडेचार महिन्यांत संपतो. तोही सांगत होता की सेल चार-पाच महिन्यांवर टिकत नाही. गिऱ्हाइकाचं म्हणणं आणि मीटर इतकं जुळलं की मला फार बरं वाटतं. कोळशाच्या पट्ट्यात, म्हणजे घुग्घूस, पद्मापूर, दुर्गापूर, बल्लारपूर या भागात, लॅपटॉपच्या पोटात काळी भुकटी भरलेली असते. पंख्याची जाळी तर गच्च. कोरडी असेपर्यंत ही धूळ फक्त उष्णता अडवते. पावसाळ्यात ती ओल धरते, आणि आधीच्या दुरुस्तीतला सोल्डरिंगचा फ्लक्स पुसायचा राहिला असेल तर दोन्ही मिळून बोर्डावर वीज पाझरायला वाट करून देतात. सेलचा कनेक्टर आणि शेजारचं ग्राउंड यांत जेमतेम मिलिमीटरभर अंतर. तिथून रात्रंदिवस थेंबथेंब गळती. झिरपणारा माठ रोज भरला म्हणून कुणी दुरुस्त झाला असं म्हणत नाही. सेल बदलत राहणं तसंच. त्या बोर्डाला आयसोप्रोपिल अल्कोहोलनं मऊ ब्रशनं दोनदा धुतलं, गरम हवेनं मंद वाळवलं, पुन्हा मोजलं. आकडा चारवर आला. जुनाच सेल परत लावून दिला असता तरी चाललं असतं.

धुऊन भागत नाही तेव्हा संशय त्या तीन पायांच्या डायोडवर जातो. तो गळू लागला की बोर्डाची वीज उलटी सेलमध्ये शिरते. सीआर जातीचा सेल चार्ज करायचा नसतो, तो फुगतो. काही जुन्या लॅपटॉपमध्ये मात्र एमएल१२२० सारखा चार्ज होणारा सेल मुद्दाम बसवलेला असतो आणि त्याच्यासाठी बोर्डावर चार्जिंगची सोय असते. तिथे दिसायला तसाच म्हणून सीआर लावला तर काही महिन्यांत पोट सुजलेला सेल परत येतो. काढलेल्या सेलवरची अक्षरं वाचल्याशिवाय नवा लावू नये, एवढी साधी गोष्ट. पण घाईत तीच राहते.

हल्लीच्या बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये सेलच नसतो. घड्याळ मोठ्या बॅटरीवरच चालतं. शाळेचे लॅपटॉप यात हमखास सापडतात. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटी उघडतात. एप्रिलमध्ये अर्धी बॅटरी असताना कपाटात कुलूपबंद केलेला लॅपटॉप जुलैत बाहेर निघतो, तोवर बॅटरी पार रिकामी झालेली असते. पडद्यावर इंग्रजीत घड्याळाची वीज गेल्याचा निरोप येतो. कुठे '००५' हा आकडा, कुठे '०२७१'. गुरुजी घाबरून येतात. मी तारीख लावतो, पुढल्या सुट्टीच्या आधी पूर्ण चार्ज करून ठेवा म्हणतो आणि पैसे घेत नाही. गुरुजींना तरी सेल बदलल्यासारखं वाटायला हवं असतं.

आता ते चौथं उत्तर. तारीख बरोबर, सेटिंग चूक. इथं थोडा इतिहास कळला की काम सोपं होतं. १९८१ च्या आयबीएम पीसीमध्ये बॅटरीवर जपलेल्या सेटिंग्ज नव्हत्याच. किती मेमरी, कुठला पडदा हे बोर्डावरच्या बारीक खटक्यांनी सांगायचं, आणि तारीख तर यंत्र दर वेळी सुरू करताना माणसाला विचारायचं. १९८४ च्या पीसी-एटीमध्ये मोटोरोलाची एमसी१४६८१८ ही घड्याळाची चिप आली. तिच्यात ६४ बाइटची मेमरी होती. १४ घड्याळासाठी आणि उरलेल्या ५० मध्ये यंत्राच्या सेटिंग्ज. बॅटरी गेली की सगळं जायचं. सेल म्हणजेच सेटिंग, ही आपल्या धंद्यातली समजूत तिथून आली आणि अजून जात नाही. आजच्या लॅपटॉपमध्ये सेटिंग्ज आठ पायांच्या फ्लॅश चिपमध्ये असतात, बायोस म्हणजे लॅपटॉप सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमच्या शेजारी, ८ किंवा १६ मेगाबाइटच्या जागेत. तिला सेलची गरज नाही. मग सेल गेल्यावर सेटिंग का उडते? कारण घड्याळाची वीज तुटल्याची खूण दिसली की बरेच बायोस फ्लॅशमधल्या सेटिंग्जवरही विश्वास ठेवत नाहीत आणि सगळं मूळपदावर आणतात. पण तारीख शाबूत असेल तर वीज तुटलेली नाही, आणि मग सेल निर्दोष आहे.

वडसा म्हणजे झाडीपट्टी रंगभूमीचं ठाणं. दिवाळीनंतर गावोगावी रात्रभर नाटकं होतात आणि त्यांच्या तारखा तिथल्या बुकिंग कार्यालयांत ठरतात. अशाच एका कार्यालयातला लॅपटॉप ऐन हंगामात आला. सुरू केला की निळा पडदा. बायोसमध्ये जाऊन डिस्कचा प्रकार बदलला की विंडोज चालू. बंद करून पुन्हा सुरू केला की परत निळा पडदा. मालक म्हणाले, "आमच्या तारखा याच्यातच हायेत जी. काहीही करा, पण त्या राहू द्या." एका ठिकाणी त्यांना फॉरमॅट करायचा सल्ला मिळाला होता. या सल्ल्याबद्दल मला राग आहे, तो इथं काढून घेतो. विंडोज बसवताना डिस्क ज्या पद्धतीनं जोडलेली होती, ती पद्धत बायोसमध्ये बदलली की विंडोजला स्वतःची डिस्क सापडत नाही आणि निळा पडदा येतो. डिस्क ठीक असते, फाइली ठीक असतात, बायोसमधली एक ओळ तेवढी चुकलेली असते. ती न पाहता डिस्क कोरी करणारा कारागीर गिऱ्हाइकाची वर्षानुवर्षांची कागदपत्रं घालवतो आणि वर मजुरी घेतो. आमच्या दोन जिल्ह्यांत असं किती वेळा झालं असेल याचा विचार नको वाटतो.

वडशाच्या त्या लॅपटॉपचं घड्याळ रात्रभर बंद ठेवूनही सेकंदावर बरोबर होतं. मग फ्लॅश चिप. ही चिप पुसून-लिहून झिजते. कारखाना साधारण एक लाख वेळांची हमी देतो, पण सेटिंग्जचा कप्पा सगळ्यात जास्त वेळा लिहिला जातो आणि लिहिताना मधेच वीज गेली तर तो अर्धवट राहतो. बायोस त्याचा हिशेब जुळवू बघतो, जुळत नाही, मूळ सेटिंग घेतो. चिप वाचायला स्वस्त प्रोग्रॅमर पुरतो, फक्त त्याच्या स्वस्तपणाची जाणीव ठेवावी लागते. सीएच३४१ए चा जो काळा बोर्ड बाजारात फिरतो, त्याच्या काही प्रती ३.३ व्होल्टच्या चिपला डेटाच्या पायांवर ५ व्होल्ट देतात. आणि नव्या लॅपटॉपमधल्या काही चिपा तर १.८ व्होल्टच्या असतात, त्यांना मधे वेगळा ॲडॉप्टर लागतो. चिमट्यानं बोर्डावरच वाचायला गेलं की अख्खा बोर्ड वीज ओढतो आणि वाचन भरवशाचं राहत नाही. मी चिप काढूनच वाचतो. दोनदा वाचायची, दोन्ही फाइली ताडून बघायच्या, तंतोतंत सारख्या आल्या तरच पुढं जायचं. मग नव्या चिपेत त्याच लॅपटॉपची फाइल, फक्त सेटिंग्जचा कप्पा कोरा करून. नेटवरून उतरवलेली दुसऱ्याची फाइल जशीच्या तशी मारली की यंत्र चालू होतं, पण त्याचा सिरियल नंबर, नेटवर्कचा पत्ता, विंडोजची किल्ली सगळं परकं होतं. काम भागलं असं म्हणणारे म्हणोत. मी त्याला दुरुस्ती म्हणत नाही.

सेल काढायच्या आधी हल्ली मी आणखी एक गोष्ट विचारतो: "बिटलॉकरची किल्ली आहे का?" विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती नव्यानं बसवून मायक्रोसॉफ्टच्या खात्यानं उघडली की डिस्क बिटलॉकरनं आपोआप कुलूपबंद होऊ शकते, मालकाला न कळता. बायोसच्या सेटिंग्ज मूळपदावर गेल्या, सिक्युअर बूट बदललं, की विंडोजला वाटतं कुणीतरी यंत्राशी छेडछाड केली, आणि ते ४८ अंकी किल्ली मागतं. ही किल्ली त्या माणसाच्या खात्यात असते. खातं कुणी उघडून दिलं होतं? दुकानदारानं, स्वतःच्या मोबाइल नंबरवर. दुकानदार आता कुठं आहे? अशा संभाषणाचा शेवट फार वेळा चांगला होत नाही. किल्ली हातात आल्याशिवाय मी सेल काढत नाही, गिऱ्हाईक रागावलं तरी.

याच्या उलटं एक गिऱ्हाईकही येतं. त्याला सेटिंग उडवायची असते. "सर, सेल काढून पासवर्ड घालवून द्या." नव्वदच्या दशकातल्या यंत्रांत ते होत असे, आज होत नाही; बहुतेक लॅपटॉपचा पासवर्ड सेलवर नसतोच. आणि बिल कुठं आहे म्हणून विचारलं की त्यातले अर्धे चहा न पिताच जातात.

माझ्या टेबलावर येणाऱ्या विसराळू लॅपटॉपांत सेल स्वतःहून म्हातारा होऊन गेलेला असा थोडाच भाग असतो. बाकीच्यांत काढून ठेवलेली मोठी बॅटरी, ओली धूळ, चुकीचा डाग, चुकीचा सेल. बॅटरी सोडली तर यातलं कुठलंच दुरुस्त करायला महाग नाही. महाग आहे ते पुन्हा-पुन्हा येणं. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, आणि तिथल्या सेवा केंद्राचा लॅपटॉप त्याच आठवड्यात तारीख विसरला तर दाखले, अर्ज, पीक विम्याच्या मुदती सगळं थांबतं. मुदत मात्र थांबत नाही.

म्हणून माझी विनंती ग्रामपंचायतीतल्या संगणक परिचालकांना, ग्रामसभांच्या हिशेबनिसांना आणि शाळांना आहे. लॅपटॉप चांगला चालू असताना एकदा बायोस उघडा आणि प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा, विशेषतः डिस्कचा प्रकार, सिक्युअर बूट आणि बूटचा क्रम. बिटलॉकर चालू आहे का ते पाहा, असेल तर ४८ अंक कागदावर लिहून दप्तरात ठेवा, लॅपटॉपच्या पिशवीत नको. फुगलेली बॅटरी काढली असेल तर नवीन घ्या. आणि हे सगळं मृग लागायच्या आत करा.